बारा जणींचा वाघ

३ मार्च २०१९

कमान रद्द! सहल मंजूर!

आमच्या दूध संस्थेला स्वच्छ दुधाचं बक्षीस मिळालं. त्यातून गेटवर कमान बांधायची आणि तिच्यावर स्वतःचं नाव घालायचं, असं अध्यक्ष आप्पा धरून बसले होते. सचिव म्हणून मी आजवर सभेत फक्त इतिवृत्त लिहीत आलो. आज तोंड उघडलं. म्हटलं, दूध काढतात बाया. दुष्काळात जनावरं चारा छावणीत नेऊन बांधली, तरी एक धार चुकू दिली नाही. जास्त दूध घालणाऱ्या बारा घरच्या बाया ताडोब्याला नेऊ. आप्पा म्हणाले, "सचिव, तुमाला ऊन लागलं का?" पण हात वर झाले ते सहलीसाठी.

खरं तर कल्पना सुभद्राची. सचिवकी मिळण्याआधी आम्ही नवरा-बायकोने अकरा हंगाम ऊस तोडला. उसातून बिबट्या उठला की कोयता टाकून पळायचं, एवढंच तिला जंगल माहीत. परवा भाकरी थापताना म्हणाली, "एकदा जनावर निवांत बसलेलं बघायचंय. आन आपन बी निवांत बसलेलं." तेव्हापासून ते डोक्यातून जाईना.

९ मार्च

वडवणीत ऑनलाइनच्या दुकानात दीड तास बसून चौदा एप्रिलची सकाळची फेरी धरली. मंगळवारी जंगल बंद असतं, तेही ध्यानात ठेवलं. बारा नावं, बारा आधार नंबर, एक चूक नाही. कागदाच्या कामात माझा हात कोण धरणार!

२१ मार्च

छावणीत दुसरा विषयच नाही. शेजारची शिवकन्या बारावी शिकलेली, म्हणून तिचं सगळ्या ऐकतात. तिने फर्मान काढलं — भडक कपडे नकोत, जनावर बुजतं. सत्तरीच्या वच्छलाबाई हिरमुसल्या. "वाघाच्या दारी जायचं आन जुनेरं नेसून?" सुभद्राने बाजारातून मातीच्या रंगाचं लुगडं आणलं. दुकानदाराने म्हणे तीनदा विचारलं, बाई, हाच रंग ना?

दोन दिवसांच्या दशम्या आणि शेंगांची चटणी न्यायचं ठरलं. वच्छलाबाई पाच दिवसांच्या नेणार आहेत. गाडी चुकली तर!

६ एप्रिल

मेलो!

जंगलाच्या फेरीचे परवाने आले. छावणीत सगळ्यांसमोर ऐटीत वाचायला घेतले. विठ्ठलराव. धोंडीराम. म्हाळू. सुंदरराव... बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मी सभासदांच्या रजिस्टरवरून यादी उतरवली होती! धार बाईची, खातं बुवाच्या नावावर. वीस वर्षं तेच लिहितोय, हाताला दुसरं येतच नाही. बारावं नाव बद्रीनाथ, म्हणजे मीच.

परवान्यावरची नावं बदलत नाहीत. आप्पा तर खुशीत. "बराबर झालं. सहल सभासदांची. बाया कुटं हायत सभासद?"

सुभद्राने मातीच्या रंगाचं लुगडं घडी करून पेटीत ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फार लाज वाटतेय.

७ एप्रिल

सकाळी दूध केंद्रावर रिकामे कॅन. छावणीत गेलो तर झाडून सगळ्या बाया लिंबाखाली बसलेल्या. सुभद्रा एवढंच म्हणाली, "ज्याचं नाव, त्यानं धार काढावी."

बसले मग पुरुष धारेला. म्हशी पान्हावतील तर शपथ! धोंडीरामने बायकोचं लुगडं नेसलं, डोक्यावर पदर घेतला. ओळखीचं लुगडं दिसलं की म्हैस फसते म्हणतात. म्हशीने मान वळवली, नीट हुंगलं आणि लाथ घातली. धोंडीराम बादलीसकट शेणात. लिंबाखालून वच्छलाबाई ओरडल्या, "पदर सावर गं बाई!" अख्खी छावणी हसली. मीही हसलो, आणि मग आमच्या चंद्री म्हशीखाली पाऊण तास बसून वाटीभर दूध काढलं.

केंद्रावर रोज दोनशे लिटर येतं. आज एकतीस.

८ एप्रिल

तातडीची सभा. खाती आणि सभासदत्व बायकांच्या नावावर करण्याचे अर्ज. पहिला मी दिला. मग धोंडीराम लंगडत आला. "लिव बाबा तिचं नाव. माजी कंबर गेली." पाठोपाठ रांग लागली. आप्पांनी हसत ठरावावर सही केली. "करा, करा. कागदच तर हाय!"

सुभद्राने घरी येऊन चहा केला. माझ्यासाठीही.

२६ एप्रिल

चौदाची फेरी सोडून दिली होती. नवी मिळाली, नऊ मेची. नावं दोनदा तपासली. मग सुभद्राने एकदा तपासली.

७ मे

गेल्या! सकाळी सहाला दोन जीप, बारा जणी, पदराखाली दशम्या. वच्छलाबाईंनी जीपच्या चाकावर नारळ फोडला. गाडी दिसेनाशी होईतो उभा होतो. घर लई मोठं वाटतंय.

चंद्री आज निम्मं दूध देती झाली. महिनाभर सरावाला बसलो, त्याचं चीज झालं.

११ मे

आल्या. चेहऱ्यांवर धूळ, पण काय खूश!

"दिसला का?"

"वाघीण. पान्यात बसलेली. मी बी बसलेली. घाई तिला बी न्हाई, मला बी न्हाई."

"भ्या वाटलं?"

"तुमच्या सभेला बसायचं भ्या जास्त वाटतं," म्हणाली, आणि हसली. येताना जीपमध्ये बाया खूप बोलल्या म्हणे. काय, ते सांगेना.

१७ जून

संस्थेची निवडणूक लागली. आप्पा पंधरा वर्षं बिनविरोध. आज सुभद्राने मातीच्या रंगाचं लुगडं नेसून त्यांच्याविरुद्ध अर्ज भरला. सूचक म्हणून वच्छलाबाईंचा अंगठा. मला सही करता आली नाही — मी आता सभासद नाही! पेन तेवढं माझं होतं.