ओल्या काळ्यातली बोटं

९ जून, सोमवार
स्टुडिओ उघडला आणि डोकंच फिरलं. शुक्रवारी काढलेल्या चित्राच्या ओल्या काळ्यात बोटं! चार बोटं, डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश ओढलेली. मांजर नाही, पाल नाही. माणसाची बोटं.
तेलरंगात संगमरवरी पूड कालवून, जाड थापून मग फणीनं ओढायचं, हे माझं काम. वाळायला आठवडे लागतात. हात लावायचा नाही हे सगळ्या मल्लेश्वरमला ठाऊक असेल.
किल्ल्या दोघांकडेच. मी आणि मुकुंद. कॉलेजपासूनचा मित्र, एवढी वर्षं या एकाच खोलीत भाडं वाटून चित्रं काढतोय. विचारलं नाही अजून. आधी बघते.

११ जून
मु. चहा पीत होता. "काय म्हणतंय काम?" म्हणाला. बोलताना माझ्या डोळ्यांकडे नाही, कानाकडे बघत होता! दोनदा बघितलं. नजर चुकवतोय लेकाचा.
त्याचे जलरंग कुठे गेले कोण जाणे. पाण्यासारखी पातळ चित्रं काढणारा माणूस, गेले कित्येक महिने नुसते कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवतो. आमचा नियमच आहे, भिंतीकडे तोंड केलेलं दुसऱ्यानं बघायचं नाही. बरा सापडलाय त्याला नियम.

१४ जून
बघितलं. मोडला नियम. त्यानं हात न लावण्याचा आधी मोडला, मी न बघण्याचा नंतर.
काळं. जाड. फणीच्या रेघा. माझं, माझं, माझं!
पुन्हा होतं तसं भिंतीकडे फिरवून ठेवलं आणि खाली जाऊन रस्त्यावर उभी राहिले. ज्या काळ्यापायी लोकांनी मला डांबरवाली म्हटलं, ते काळं हा आयतं उचलणार?
घरी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मुकुंदअण्णा असं करतील? स्वल्प धीर धर. तुला मेलं जन्माचं संशयाचं वेड." तिचं काय जातंय.

१७ जून
तारा आली होती. कोरमंगलाला तिची गॅलरी. माझं एकटीचं प्रदर्शन ठरलंय तिथे, किती वर्षांनी. मी चहा आणायला खाली गेले, तेवढ्यात मु.नं तिला स्वतःची चित्रं फिरवून दाखवली! वर आले तर ही टाळ्या वाजवतेय.
"अक्का, दोघांचं एकत्र करू या ना. काय सुंदर बोलतात एकमेकांशी! पण सुरू कुणी केलं हे? गॅलरीच्या भिंतीवर लिहावं लागेल."
मु. कॅनव्हास पुन्हा भिंतीकडे फिरवायला लागला. मी चहा ओतायला घेतला. तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती.
म्हणजे लोक येणार, शेजारी शेजारी बघणार आणि म्हणणार, बाईनं त्याच्यावरून उचललं. हेच म्हणणार. आजवर दुसरं काय म्हणालेत?

१९ जून
आज सापळा. "बेळ्ळंदूरला भाचीकडे जाते, तिथलं ट्रॅफिक माहीत आहे ना, संध्याकाळ होईल," असं सांगून निघाले आणि आठव्या क्रॉसच्या कोपऱ्यावर कॉफी पिऊन परत आले. चपला हातात घेऊन जिना चढले, या वयात.
दार उघडंच. माझं चित्र जमिनीवर आडवं. मु. गुडघ्यांवर बसलेला, डोळे मिटलेले, दोन्ही हात माझ्या काळ्यात. एकेक रेघ चाचपत वर जात होता, मग खालची रेघ. मनगटापर्यंत काळा.
मी दारात. अंगावर लख्ख ऊन. त्यानं डोळे उघडले, मान वर केली, सरळ माझ्याकडे.
"कोण?"
मी एक पाऊल आत टाकलं.
"कोण आहे? यारु?"
मला परक्यासारखं कानडीत यारु विचारतोय. मला.
"मी आहे रे," म्हटलं.

२० जून
बोलला शेवटी. डोळ्यांचं मधलंच गेलंय. कडेकडेचं दिसतं. समोरच्याचा चेहरा बघायचा तर बाजूला बघावं लागतं, म्हणून कान. डॉक्टर म्हणतात, परत येणारं नाही.
"जलरंग दिसत नाहीत गं. हाताला लागेल तेच काढता येतं आता. आणि हाताला लागण्यासारखं या खोलीत तुझंच होतं."
"मग सांगायचं नाही?"
"सांगितलं असतं तर तू माझ्या प्रत्येक चित्राला छान म्हणाली असतीस."
रडले. मग पुन्हा राग आला. फणीच का? बोटं होती, सुरी होती, झाडू होता! विचारलं तसं. म्हणाला, "फणी हाताला कळली." एवढंच. हे पुरतं का? मला नाही पुरत.
आणि ताराला चित्रं दाखवलीस, तेव्हा नाही वाटलं काही? खिडकीकडे बघत राहिला. म्हणजे बहुतेक माझ्याकडेच.

२३ जून
त्याची चित्रं नीट बघितली, उजेडात आणून. तो जवळ उभा. "खरं सांग, कशी आहेत?"
चांगली आहेत. दोन तर माझ्याहून चांगली. माझी रेघ डोळ्यासाठी असते, त्याची तशी नाही, चुकते तिथे थांबते, वाट शोधते. जळफळाट झाला जिवाचा.
"छान आहेत," म्हणाले.
हसला. "बघ. झाली सुरुवात."
आता काय करू? शपथ घेतली तरी त्याला ती दयाच वाटणार. त्याचाही संशय फिटायचा नाही आणि माझाही.

२५ जून
ताराचा फोन. "अक्का, सुरुवात कुणाची ते उद्या सांगा, मजकूर छापायचाय." मु. समोरच, माझ्या कानाकडे बघत. "सरी, बरं, उद्या सांगते," म्हटलं.
तो दुपारी घरी गेल्यावर नवा कॅनव्हास पुरा केला. भिंतीकडे तोंड केलं नाही. जमिनीवर आडवा ठेवलाय, त्याच्या वाटेत, ओला. हवे तेवढे हात लाव बाबा.
फक्त खालच्या कोपऱ्यात फणी उलटी फिरवून एक वळण टाकलंय. आजवर कधी काढलं नव्हतं, कुणी बघितलेलं नाही. त्याच्या पुढच्या चित्रात ते येतं का, बघणार आहे.
येऊ नये असं वाटतं. त्याच्या हातून ते कसं होईल, हेही बघायचंय.