आत्याबाई, आपलं घर आता हलत न्हाय

आत्याबाईंच्या पायी तुमच्या सुनेचा, पारूचा, दंडवत.

तुमी जाऊन दुसरं वरीस लागलं. गेलेल्या सासूला कागद लिहिते म्हणून कुणी हसलं तर हसू दे! ठेसनांच्या पाट्या वाचून शिकलेली अक्षरं हायत माझी, चुकली तर पोटात घाला. ऱ्हायला येऊन आठ दिस झाले, पण मुहूर्त आजचा निघाला; सकाळी आपली घरभरणी झाली. तितं जे घडलं ते तुमाला सांगितल्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाय.

व्हय, घर! सोलापुरात, भवानी पेठेत. मातीच्या भिंतीचं, भाड्याचं, दोनच खोल्या. पण चाकं न्हाईत त्याला! ह्यांचं काम रेल्वेच्या पूल-दुरुस्तीच्या टोळीत, म्हणून लग्न झाल्यापास्नं मी तुमच्यासंगं मालगाडीच्या डब्यातच नांदले. आज होटगी, उद्या दुधनी, परवा कुर्डुवाडी. इंजिन येणार, शिट्टी मारणार, धक्का देणार, आन् आपली चूल निघाली गावाला!

हितं सूर्य रोज एकाच बाजूनं उगवतो, आत्याबाई! हसू नका. डबा कुठल्या रुळावर कसा उभा करतील, त्यावर आपलं उजाडायचं की न्हाय? कधी चुलीवर ऊन, कधी अंथरुणावर. हितं रोज उंबऱ्यावरच येतं. मी उठून बघते, खरंच आलं का!

आन् शेजारीण! नरसम्मा तिचं नाव. तेलुगू बोलणारी, घरात दिवसभर माग चालतो. पहिल्याच दिवशी सांडपाण्यावरनं माझं तिचं कडाक्याचं भांडण झालं. मी मोकळ्या गळ्यानं भांडून घेतलं. डब्यात कसं, संध्याकाळी भांडायचं आन् सकाळी पुढचं ठेसन! हितं सकाळी दार उघडलं तर बाई समोरच उभी! आता हिच्याशी काय बोलायचं, ते तुमी मला कधी शिकवलंच न्हाय की. शेवटी वाटीभर शेंगाची चटणी नेऊन दिली तवा कुटं ती हसली.

पण खरं सांगू? ह्यांचं मन लागत नव्हतं. सोलापूरच्या शेडात कायमचं काम मिळालं, तरी जुना मुकादम सांगून गेलेला, "न्हाय रमलास तर होटगीला ये, डबा रिकामाच हाय." हे नुसतं "बघू" म्हणायचे.

कारण मला ठाऊक होतं. दुधनीला रुळाकडेला तुमाला अग्नी दिला, आन् राख निवायच्या आत इंजिन येऊन आपला डबा ओढून घेऊन गेलं. तुमचं दहावं भलत्याच गावच्या ओढ्यावर करावं लागलं. तवापास्नं डबा दुधनीवरनं गेला की हे दारात उभं राहून हात जोडायचे. "लाईन सोडली तर आईला कोण भेटंल?" म्हणायचे. तुमी तरी जरा थांबायचं होतं की! घर पायजे, घर पायजे, म्हणून सगळ्यांचा जीव खाल्लात, आन् घर झालं तर तुमीच न्हाय! लई राग येतो मला तुमचा.

तर सकाळी नव्या चुलीवर दूध ठेवलं. घरभरणीला ते उतू जाऊ द्यायचं असतं. हे बसले, नरसम्मा बसली, तुमची नात रखमी चुलीला चिकटून. दूध फुगलं, अगदी काठाला आलं, आन् तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला! रोजचाच, पण अगदी इंजिनाच्या शिट्टीगत.

तुमीच लावलेली सवय, आत्याबाई! शिट्टी झाली की आधी चुलीवरचं भांडं उचल, मग लेकरू धर! मी काय केलं असंल? पदरानं पातेलं उचललं आन् भिंतीला पाठ लावून धक्क्याची वाट बघत उभी! रखमीनं पाण्याच्या कळशीला मिठी मारलेली. आन् तुमचे चिरंजीव? ते कोनाड्यातला दिवा धरून उभे!

धक्का कुटला यायला! घर जागच्या जागी. नरसम्मा कपाळाला हात लावून ओरडली, "अय्यो! पालु पोंगाली! दूध उतू जायला पायजे गं, उतरवलं काय?"

ह्यांचं तोंड उतरलं. दिवा खाली ठेवला आन् म्हणाले, "बघितलंस? ह्या घराला आपण नको हाय." आन् दाराकडं निघाले. आता हे होटगी गाठणार! मग मात्र मी तापले. म्हणलं, "घराला नावं ठिवू नका! दूध मी उचललं, घरानं न्हाय. आपण डब्यातनं उतरलोय हे माझ्या हातांना अजून कळलं न्हाय. कुणीतरी सांगा की त्यांना!"

हे उंबऱ्यात थबकले. मग मागं फिरले, पातेलं स्वतः चुलीवर ठेवलं आन् माझ्याशेजारी बसले. दूध परत वर यायला लागलं, आन् माझे हात आपोआप पुढं गेले. ह्यांनी माझी दोन्ही मनगटं गच्च धरली! नरसम्मासमोर! चारचौघांत असा हात धरलेला लग्नानंतर आजच. दूध फसफसून उतू गेलं, निखारे चरचरले, रखमी नाचायला लागली, तरी सोडलं न्हाय. मी हसत होते आन् डोळ्यांतनं पाणी खळत नव्हतं.

मग चुलीकडंच बघत म्हणाले, "आईला कागद लिव. म्हणावं, आजवर आमी तुझ्या वाटंनं येत होतो. आता तू आमच्याकडं येत जा. आमी हितंच हाय."

म्हणून पत्ता कळवते, आत्याबाई. भवानी पेठ, नरसम्माच्या मागाला लागून असलेलं दार. उद्या या, न्हायतर रखमीच्या लग्नाला या. माझा शब्द हाय, तुमी याल तवा आमी ह्याच दारात असू.

तुमची सून,
पारू