ट्रान्सफॉर्मर गरम होणारच

६ एप्रिल
मठाच्या कमिटीत सांगून टाकलं. बसवजयंतीला यंदा साउंडवाला लावायचा न्हाई. आमच्या घरच्या उमाबाईचं भजनी मंडळ माझ्या अँप्लिफायरवर गाणार. घरीच बनवून राहिलो. अध्यक्ष माणिकप्पा म्हणला, जमंल का? इतकी वर्षं चाकुरात किराणा चालवला, तवा कुणी विचारलं न्हाई जमंल का म्हणून.
साउंडवाला म्हणजे आमचाच पुतण्या, अमरनाथ. तोंड बघण्यासारखं झालतं. बरं झालं.

९ एप्रिल
नांदेडहून ट्रान्सफॉर्मर आणला. दुकानदार विचारून राहिला, किती अँपिअर, बोर्ड किती वॅटचा. म्हटलं, आवाज आला पाहिजे असा दे. हसला. असल्या लोकांनीच धंदा बुडवला. मोठा लई जड होता. लहान घेतला, पिशवीत बसला.

१३ एप्रिल
जोडला. वाजला. गल्लीला कळलं.
अर्ध्या घंट्यात ट्रान्सफॉर्मर हात लावू देईना. अमरनाथ न बोलवता आला. म्हणतो, काका, लोड झेपंना त्याला. मोठा टाका, न्हाईतर निदान उघडा ठेवा, हवा लागू द्या. म्हटलं, नांगराला जुंपल्यावर बैल तापतोच की. म्हणला, तापतो काका, पण तुम्ही वासरू जुंपलंय.
उमाबाई हसली. खायचं माझ्या घरात आन् हसायचं पुतण्याकडून.

१५ एप्रिल
आजपासून अमरनाथला चहा बंद.
उघडा ठेवला तर धूळ, पाली. कपाटाच्या फळ्या काढून पेटी केली, चारी बाजूनं पॅक. वर सनमायका. भोकं पाडली न्हाईत, शोभा जाती. आता ट्रान्सफॉर्मर गरम झालेला दिसत न्हाई.

१८ एप्रिल
पेटी गरम होऊन राहिली. फ्यूज उडतो. आजकाल फ्यूजच कमजोर येतेत. तांब्याची तार घातली, उडायचा बंद. इंजिनिअर पोरं चार वर्षं काय शिकतेत काय माहीत.
वास येतो. नवी वस्तू हाय, येणारच.

२१ एप्रिल
कूलर ओढून पेटीसमोर लावला. उमाबाई म्हणली, माणसं उकडून राहिली आन् डब्ब्याला हवा. म्हटलं, तुझ्याच गाण्यासाठी चाललंय. म्हणली, चाळीस वर्षं गाते मी, मला कुणी कूलर लावला न्हाई.
बायकांना टेक्निकल कळत न्हाई.

२४ एप्रिल
कूलरच्या पाण्यानं पेटी फुगली. सनमायका उलली. कूलर बाद.
मग रांजणाला गुंडाळतो तसं ओलं पोतं पेटीला गुंडाळलं. रांजण थंड राहतो का न्हाई? करंट बसला. उमाबाईनं लाकडी काठीनं पोतं बाजूला केलं. आत जाऊन कुणाला तरी फोन केला.
भावाला केला असंल.

२८ एप्रिल
मठात टेस्ट. कमिटी हजर, मंडळाच्या बायका हजर. उमाबाईनं माइक धरला, पहिली ओळ अर्धी झाली आन् पेटीतून धूर. बायकांनी तोंडाला पदर लावले. माणिकप्पाला तोंडावर सांगितलं, तुमच्या मठाचं व्होल्टेज खराब हाय. म्हणला, आप्पा, याच व्होल्टेजवर आमची प्रसादाची चक्की चालते.
मेन स्विच अमरनाथनं बंद केला. तो तिथं आलाच कसा विचारलं. उमाबाई म्हणली, मीच बोलवलं. पोतं काढलं त्या दिशी.

३० एप्रिल. बसवजयंती.
गेलो न्हाई. डोकं दुखत होतं. उमाबाई दोनदा म्हणली, चला. म्हटलं, त्या पोराच्या डब्ब्यांपुढं मी बसणार न्हाई.
दार लावलं, खिडकी लावली, तरी आवाज आत. ती गात होती. शब्द न् शब्द कळत होता. दुकान होतं तवर पूर्ण भजन कधी ऐकलंच नव्हतं. शेवटच्या कडव्याला ती जरा थांबते, मग एकदम वर जाते. मला ठाऊक नव्हतं.
पंखा घरघर करत होता. बंद केला.
घरी आली. पाणी प्याली. म्हणली, इथपर्यंत आवाज आला का?
म्हटलं, न्हाई.