पाणी पिऊन गेलेला पाहुणा

धुळे,
दि. २ एप्रिल २०२६

प्रिय मोहिनी,

सप्रेम नमस्कार. गुडघ्याच्या ऑपरेशनचं काही ठरलं का? तुझ्या हितेंद्रचं क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर, आणि तुला दिवसातून चार वेळा खाली उतरायची खोड. दीपनगरात तुझ्याशिवाय कुणाचं अडत नाही, हे एकदा मान्य कर. मी बरी आहे. ऊन फार आहे, कैऱ्या मात्र स्वस्त आहेत.

दर रविवारी फोन होत असताना हिने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी लगेच विषय बदलते. म्हणून हे कागदावर.

आपल्याकडच्या दिपमालाने गायलेलं गाणं निवडलं गेलं त्या संध्याकाळी तुझाच फोन पहिला आला. आशियातल्या देशांची स्पर्धा, प्रत्येक देशाने एकच गाणं पाठवायचं, आणि आपल्या देशाने पाठवायचं ठरवलं ते आपल्या पांझरेकाठचं! इथे चौकात फटाके वाजले. तू हसत म्हणालीस, "माझ्या फजितीला साऱ्या देशाने मतं दिली की गं." मग जरा थांबून म्हणालीस, "ताईबाईचा ऊर भरून आला असेल." मी कैऱ्यांचा भाव सांगायला लागले. आठवतंय?

आता पुढची हकिकत. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे गाणं कुणी रचलं ते लिहून द्यावं लागतं, त्याची संमती लागते. कुणीच रचलेलं नसेल तर गावातल्या तीन जुन्या माणसांनी 'हे परंपरेने चालत आलंय' अशी सही द्यायची. दिपमालाने ते आजीकडून ऐकलेलं, तिला यापलीकडे काही माहीत नाही. समितीचे एक गृहस्थ मुंबईहून आले. शाळेतल्या निवृत्त बाई, गावची माहिती असलेल्या, म्हणून त्यांना माझ्याकडे धाडलं. मी त्यांना घेऊन गावी गेले. आमच्या काठावर ज्याला विचारलं तो म्हणाला, गाणं ताईबाईचं.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. मनात म्हटलं, जाऊ दे तिच्या नावावर. टीव्हीवर नाव येईल, सत्कार होतील, चार लोक पाया पडतील. एवढं झालं की फिटंफाट झाली. मास्तरीण असून माझा हिशेब नेहमी असाच कच्चा.

ताईबाई ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. तिच्या ओट्यावरून नदीपलीकडे लीलाधरभाऊंच्या घराचे पत्रे दिसतात, तुझ्या माहेरचे. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणजे गेले होते अनेकदा, त्या बाजूला बघत नव्हते. गृहस्थांनी फॉर्म पुढे केला, सगळं नीट समजावलं. तिने शेंगा बाजूला सारल्या आणि म्हणाली, "ते गाणं मी करेल नही. मी तव्हय बी सांगेल व्हतं. तव्हय कोनी ऐकं नही, आते इनाम शे म्हनीसन ऐकाले उनात?"

गृहस्थ समजूतदार. ते म्हणाले, तुम्ही रचलं नसेल तर परंपरागत म्हणून सही करा, आणखी दोघांच्या मी मिळवतो. तेव्हा ती जे बोलली ते मी तसंच्या तसं लिहिते.

"चाळीस वरीस ते बठ्ठा गावनी मन्हं ठरावं. आते एक सहीमा ते कोनंच नही?"

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत सांगितलं: चाळीस वर्षं सगळ्या गावाने ते माझं ठरवलं, आता एका सहीत ते कुणाचंच नाही?

मग तिने आमच्यासमोर गूळ-पाणी ठेवलं. घरी आलेल्याला रिकामं पाठवायची तिची रीत नाही. पितळी वाटीत गुळाचा खडा. गृहस्थांनी तोंडात टाकला. माझा हातच पुढे जाईना. मी पाणी प्यायले आणि उठले. दारात आल्यावर ध्यानात आलं, मी काय करून आले ते.

मोहिनी, मला एकदा सगळं क्रमाने लिहू दे, तुला माहीत असलेलंसुद्धा. त्या वर्षी तुला बघायला पाहुणे आले होते. मुलगी पसंत असली तर गूळ तोंडात टाकायचा, नसली तर नुसतं पाणी पिऊन उठायचं, ही आपल्याकडची रीत. ते पाणी पिऊन उठले. वाटी ताईबाईच्या हातात होती. तुझ्या काकांची मुलगी, लग्न होऊन आमच्या काठावर आलेली, आई-बाप नसलेली, माहेर म्हणून तुमचंच घर. ती तेव्हा माहेरी होती. घराबाहेर ही गोष्ट तू फक्त एका माणसाला सांगितलीस, विहिरीवर, रडत. मला.

महिन्याने अक्षय्य तृतीया, आपली आखाजी आली. तुमच्या मुली त्या काठावर, आमच्या या काठावर, मधे कोरडी पांझरा, आणि गाण्यातून शिव्यांची फैर. आमची गाणी संपत आली होती. तुमच्याकडून तू एकटी उभी राहून आमचा धुव्वा उडवत होतीस. आमच्या मुली माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आणि मी म्हटलं:

पाव्हना उना, पानी पिईसन गया,
गूयना खडा वाटीमा राही गया.

तुमचा काठ एकदम चूप झाला. मुलींच्या घोळक्यात पहिल्यांदा कुणी म्हटलं, ते तुम्हाला पलीकडून कळलं नाही. वाटीतल्या गुळाची गोष्ट मात्र घरात असलेल्यालाच ठाऊक असणार. तुमच्या सगळ्या जणी ताईबाईकडे बघायला लागल्या. ती तुमच्यातच बसली होती, झोक्याजवळ. ती उठली आणि नदी ओलांडून सासरी निघून आली. तेव्हापासून आखाजीला तिला माहेरी न्यायला तिच्या दारी मुराळी गेलेला नाही. दहा मिनिटांची वाट.

मी ते का म्हटलं? मला जिंकायचं होतं. तू माझ्याहून हुशार होतीस, उजळ होतीस, तुझं सगळे ऐकायचे. आणि तुला बघायला आलेले उठून गेले, याचा मला थोडा आनंद झाला होता. शिवाय ओळ चांगली होती, ती तोंडात राहीना. परवा दिपमालाने ती म्हटली तेव्हाही आधी मला अभिमानच वाटला. लाज मागून आली.

तुझं भलं झालं. पुढच्याच वर्षी पॉवर हाऊसमधला नवरा मिळाला, तो आयुष्यभर गोड बोलला, आणि ती गोष्ट तू हसण्यावारी नेलीस. म्हणून मी स्वतःची समजूत घातली की कुणाचं काही बिघडलं नाही.

अजून एक राहिलं. इतका वेळ मी असं लिहिलंय की लोकांनीच ताईबाईवर संशय घेतला. तसं नाही. त्याच दिवशी दिवेलागणीला लीलाधरभाऊ आमच्या घरी आले होते. मला दाराशी बोलावून विचारलं, गाणं कुणी दिलं? मी म्हटलं, ताईबाईने. एवढा एक शब्द. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, मी मास्तरांची मुलगी, खोटं कशाला बोलेन.

काल फॉर्म भरून दिला. रचणाऱ्याच्या जागी माझं नाव आहे. दहा तारखेला टीव्हीवर सांगतील, हार-तुरे माझ्याच गळ्यात पडतील. खरं बोलल्याबद्दल सत्कार होणारी मी पहिलीच असेन. त्यातलं मला काही नको, पण गाणं अडायला नको, त्या पोरीचा त्यात काय दोष? तुला ते टीव्हीवरून कळू नये म्हणून आज लिहिलं.

आखाजी एकोणीस तारखेला आहे. हे पत्र लीलाधरभाऊंना वाचून दाखव, सगळं, मधलं काही न गाळता. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू नंतर ठरव, घाई नाही. रविवारी फोन आला नाही तर मी समजेन. पण मुराळी या आखाजीलाच जाऊ दे. ताईबाई आता सत्तरीला आली, ओट्यावरून पत्र्यांकडे बघत बसते.

गुडघा जप.

फॉर्मवर लिहिलं तेच इथे लिहिते:
गाणं रचणारी,
कोकिळा