उणे बारातला सडा

सप्पोरो, जानेवारी २०१९

प्रिय संजीवराव यांस,

पंढरीनाथचा नमस्कार. तुमचं पित्त, तुमच्या नंदकिशोरची नोकरी (आहे ना अजून?) आणि तुमच्या भगिनींचा गुडघा ठीक असावा. त्या गुडघ्यामुळेच चैत्रालीच्या बाळंतपणाला मी आलो. तरी तुमच्या भगिनी रोज फोनवर म्हणतात की मी इथे अडचणच, सुचित्राला पाठवते. म्हणू देत.

बर्फ सिनेमातच बरा. आमच्या दारच्या पायऱ्या म्हणजे तेल लावलेला पाटा, आणि त्यावरून आठवा महिना लागलेली आपली पोरगी उतरते. जावईबापू प्रसन्न इथल्या विद्यापीठात संशोधक. (कशावर, ते त्यांनी दोनदा सांगितलं. मला कळलं, त्यांना कळलंय का याची शंका आहे.) त्यांनी उपाय काय आणावा, तर कॅल्शियम क्लोराइडची पिशवी! शाळेच्या प्रयोगशाळेत दमट हवा शोषायला आम्ही जे बरणीत ठेवायचो, ते हे लोक रस्त्यावर उधळतात. ते विरघळताना उष्णता सोडतं, मीठ हात टेकतं त्या थंडीतही चालतं, असं मला समजावू लागले. मला! मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो हे उभा जन्म मी पोरांकडून घोकून घेतलं. घरात मीठ असताना पिशव्या कशाला?

शिवाय कोरडे खडे फेकणं ही काय रीत झाली? सकाळी दारात सडा घालतात. मी कोमट पाण्यात मीठ विरघळवून रीतसर सडा घातला. मीठ जेमतेम मूठभर होतं (माझ्या ब्लडप्रेशरच्या नावाखाली चैत्रालीने डबा लपवलेला), त्यामुळे पाणी फिकं. तेवढं उणे दोन-तीनपर्यंत तग धरतं. बाहेर उणे बारा होतं, हा काही माझा दोष नाही. बघता बघता पायऱ्यांची काच झाली आणि एक गृहस्थ त्यावरून थेट शेजारच्या सातो-सानच्या फावड्यापर्यंत गेले. जपानी फावडी फार कडक असतात.

तात्पर्य, मी होतो म्हणून निभावलं.

आपला,
पंढरीनाथ

ता. क. नंतर प्रसन्नने ती पिशवी ओतली आणि बर्फ सुटला. योगायोग.

ता. क. २. तुमच्या भगिनींना एवढंच सांगा की पंढरीनाथ तिथे हवेच आहेत. मला फोनवर ते नीट सांगता येत नाही.

ता. क. ३ (हे माझं, चैत्रालीचं). मामा, अक्षर माझं आहे हे तू ओळखलंच असशील. ते गृहस्थ म्हणजे बाबाच. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून माझ्याकडून लिहवून घेतलं. आईला हाताचं कळू देऊ नकोस, आणि सुचित्रामावशीचं तिकीटही काढू देऊ नकोस. रोज सकाळी बाबा माझ्याआधी एकेक पायरी उतरून बघतात, मग डावा हात पुढे करतात.