चालू, चालू

१५ ऑगस्ट १९४९, संध्याकाळ

हसावं की रागवावं, अजून ठरत नाही. हैद्राबादेत पंधरा ऑगस्ट पहिल्यांदाच उजळ माथ्यानं आला, म्हणून मामंजींना मुसी नदीच्या फाट्यापलीकडच्या देवळापाशी झेंडा लावायचा होता. फाटा तो केवढा, हाक मारली तर पलीकडे ऐकू जाते. पण पाणी आलेलं, म्हणून पुट्टीत बसलो. पुट्टी म्हणजे कातडं मढवलेली गोल टोपलीच. नावाडी मल्लय्या, त्याला तेलुगूशिवाय काही येत नाही.

मामंजी कचेरीतल्या सवयीनं म्हणाले, "आगे, आगे." त्यानं बांबू रोवून पुट्टी थांबवली. तेलुगूत 'आगु' म्हणजे थांब. मामंजींना वाटलं, आजच्या दिवशी उर्दू कशाला? मराठीत ओरडले, "चालू, चालू." तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे. त्यानं बांबू वर उचलून घेतला, आणि पुट्टी जागच्या जागी गरगरायला लागली. काठावर टाळ्या. लोकांना वाटलं, झेंड्यासकट प्रदक्षिणा चाललीय.

भाजीवाली तेलुगू, तिच्यामुळे मला सगळं कळत होतं. पण सासऱ्यांची चूक सुनेनं चारचौघांत कशी काढायची? शेवटी मळमळायला लागलं तेव्हा हळूच म्हटलं, "पोनी," म्हणजे जाऊ दे. निघाली पुट्टी. झेंडा लागला, पण मामंजींना खांब दोन दिसत होते.

परतताना त्यांनी माझ्याकडून दोन्ही शब्दांचे अर्थ विचारून घेतले. आत्ता जेवताना मी कढी वाढत होते, तर ऐटीत म्हणाले, "चालु."

मी मराठी घरची सून. वाढतच राहिले.