आईच्या पुस्तकांची शिवण

९ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय ढब्बू,

तुला आशीर्वाद द्यायचे की चार शब्द सुनवायचे, ते अजून ठरलेलं नाही. तूर्त दोन्ही घे. तुझं कार्ड मिळालं. ‘सगळे मजेत असालच’ असं लिहिलंयस. विचारतसुद्धा नाहीस, परस्पर ठरवूनच टाकतोस. असो. इथली थंडी ओसरली. समोरच्या शिंप्याने दुकान वरच्या मजल्यावर नेलंय, त्यामुळे त्याच्या मशीनची धडधड आता थेट माझ्या खोलीत येते. माझं औषधांच्या दुकानातलं काम चालू आहे. बाबांचा गुडघा बरा आहे. आई वेळेवर जेवते.

तू यावंस म्हणून हे पत्र लिहितेय. का यावंस तेही लिहिणार आहे, पण जरा दम धर. एकदम लिहायला हात धजत नाही.

बाबांना आईच्या पुस्तकांचं कळलं.

हसलास ना? मीही आधी हसलेच असते. किती सांभाळलं होतं आपण तिघांनी! लग्नानंतर आई माहेरी गेली असताना बाबांनी तिच्या पियानोच्या स्वरलिपीचे सगळे सुटे कागद गोळा केले आणि त्यांची झकास पुस्तकं बांधून ठेवली, ती आल्यावर खूश होईल म्हणून. बिचाऱ्यांना येत होती ती कचेरीतल्या रजिस्टरांची बांधणी. कडेने आरीने भोकं पाडायची, दोरा करकचून आवळायचा, वर जाड पुठ्ठा. कोणी मधलं पान काढून नेऊ नये म्हणून असते ती. पान निघत नाही हे खरं, पण पुस्तकही उघडं राहत नाही. आईने दोन ओळी वाजवल्या न वाजवल्या की फटकन मिटायचं. पण पहिल्या दिवशी ती “अय्या, किती सुरेख झालंय हो!” म्हणून बसली, आणि मग तेच जन्मभर निभावलं.

कपड्यांचे चिमटे आठवतात? आणि पान दाबायला ठेवलेली ती इस्त्री, जी एकदा पियानोच्या पट्ट्यांवर पडली? शेवटी आपणच बरे. डावं पान मी धरायचं, उजवं तू. तुझं नाक नेमकं तेव्हाच खाजायचं आणि पान सुटायचं. बाबांच्या सायकलची घंटी वाजली की चिमटे माझ्या फ्रॉकच्या खिशात आणि आपण दोघं अभ्यासाला. त्यांनी आईला कधी नीट वाजवताना पाहिलंच नाही. ते यायचे तेव्हा पियानो बंद असायचा.

बाबांचा रजिस्टरं छापायचा-बांधायचा प्रेस बंद झाल्यापासून ते दिवसभर घरी असतात. त्याच सुमारास आईचं वाजवणं अडखळायला लागलं. शिकायला येणाऱ्या मुलींसमोर मध्येच थांबायची. नेमकी कुठे, सांगू? पानाच्या आतल्या कडेला. तिथले दोन-तीन स्वर शिवणीत गेलेले आहेत, ते कोणालाच दिसत नाहीत. आई इतकी वर्षं ते पाठच वाजवत होती. एका दुपारी तिने पुस्तकावर जोरात हात आपटला आणि ओरडली, “मेलं उघडंच राहत नाही! माणसाने वाजवायचं तरी कसं?”

बाबा चहाचा कप घेऊन दारात उभे होते.

“कधीपासून?” त्यांनी मला विचारलं. आईला नाही, मला. मी सगळं सांगून टाकलं, चिमट्यांसकट. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत रे. खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मला कोणी सांगायचं नाही का गं?” मला इतकं वाईट वाटलं की मी उगाचच भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची हत्यारांची पेटी काढली. जेवायचं टेबल आता त्यांचं आहे, आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवतो. शिवण उसवायची, एकेक पान सोडवायचं, दोन-दोन पानं पातळ कागदाच्या पट्टीने जोडायची आणि घडीच्या पोटातून सैल शिवायचं. म्हणजे आत गेलेले स्वर बाहेर येतात आणि पुस्तक सपाट पडतं. या वयात शिकले ते हे, कोणालातरी विचारून आले. खळ सांडते, स्वतःलाच शिव्या घालतात. आई शेजारी बसून दोऱ्याचं रीळ धरते. एवढा वेळ ती दोघं एकमेकांजवळ बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

पहिलं पुस्तक झालं त्या दिवशी मला दुकानातून बोलावून घेतलं. बाबांनी शर्ट बदलला होता! पुस्तक पियानोवर ठेवलं, उघडलं आणि हात काढून घेतला. राहिलं रे, ढब्बू. चिमटा नाही, काही नाही, निवांत उघडं. बाबा आईला म्हणाले, “बस. आता वाजव.”

आई बसली. हात पट्ट्यांवर ठेवले. मग एक बोट उचलून ओळीवरून फिरवत नेलं, कापडावरचा डाग बघावा तसं. आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “हे काय लिहिलंय हो?”

बाबा लगेच म्हणाले, “हे तिच्या सवयीचं नाही. निळं पुस्तक आधी घ्यायला हवं होतं.” आणि निळं काढायला गेले.

आता लिहितेच. पुस्तकाचा काही दोष नव्हता. म्हणजे होता, पण आईचं वाजवणं त्याच्यामुळे थांबलेलं नाही. मी तिला डॉक्टरांकडे नेलं होतं. बाबांना सांगितलं, चष्म्याचा नंबर काढायला जातोय. चिठ्ठीवरच्या औषधांची नावं वाचल्यावरच मला कळलं होतं, रोज काउंटरवर तीच तर बांधून देते. डॉक्टर चांगले आहेत, आडपडदा न ठेवता बोलले. यातून माणूस परत येत नाही, आठवण हळूहळू जातच राहते. वाचणं गेलं, तसं एकेक जाईल.

आणि बाबा उसवताहेत. निळं झालं, ते मोठं तपकिरी झालं, दर वेळी तोच शर्ट, तेच “आता वाजव.” दर वेळी आई बसते, पुस्तकाकडे बघते आणि उठते. परवा तिने त्यांच्या हातावर हात ठेवून म्हटलं, “दुसरं करा की.” समजून म्हणाली की कसं, मला ठाऊक नाही. ते मात्र दिवसभर शीळ घालत होते.

शेवटचं पुस्तक टेबलावर आलंय. ते झालं की बाबांना उसवायला काही उरणार नाही. त्या दिवशी त्या खोलीत मला एकटीने उभं राहता येणार नाही. त्यांना खरं सांगायचं माझ्याच्याने होत नाही. तू आलास तर दोघं मिळून सांगू, नाहीतर दोघं मिळून गप्प बसू. मला काहीही चालेल.

बाबांच्या रागाला भिऊ नकोस. त्यांचा धंदा तू घेतला नाहीस म्हणून तेव्हा काय काय बोलले ते माझ्याही लक्षात आहे, आणि तू काय बोललास तेही. काल खळ ढवळताना आपणहून म्हणाले, “पुठ्ठा कापायला त्याचा हात फार सरळ होता.” यापेक्षा जास्त ते बोलणार नाहीत. तूही मागू नकोस.

आणखी एक आहे. ते मी या पत्रातून दोनदा गाळलं.

आई तुझं नाव घेते. रोज नाही, पण घेते. दारात पाऊल वाजलं की म्हणते, “आला वाटतं.” मला मात्र ती ओळखत नाही. तिची वेणी घालते, तिला आंघोळ घालते, आणि ती मला “अहो बाई” म्हणते. काल म्हणाली, “तुमच्या घरी वाट बघत असतील, जा आता.” मी मोरीत जाऊन रडले. मला तुझा राग येतो, ढब्बू. कधी इकडे फिरकला नाहीस, आणि तिच्या तोंडी नाव राहिलं ते तुझं. हे लिहितानाही राग येतोय.

तरीही ये. माझ्यावर उपकार कर, पत्राने उत्तर पाठवू नकोस. तिला तुझं नाव आठवतंय तोवर तू दारात उभा राहा. निदान एका लेकराला तरी ती ‘माझं’ म्हणेल, आणि मी ते बाजूला उभी राहून ऐकेन.

जिला आता घरी जा म्हणतात ती,
तुझी ताई